निरोगी भावंडाचा महिना

आई,

मध्यंतरी एका दुपारी एका डॉक्टरने मला विचारलं, "मॅडम, तुमचा जन्म कुठल्या महिन्यातला?" आणि मला सांगता येईना. एकोणपन्नास वर्षांची बाई मी, अर्धं डोकं पिकलेलं, गळ्यात इस्पितळाचं ओळखपत्र, आणि आपण जगात कधी आलो ते ठाऊक नाही. एक जून हे उत्तर ओठावर होतं. बँकेत, आधार कार्डावर, नोकरीच्या कागदांवर सगळीकडे मी तेच सांगत आले आहे. पण त्याला कागदावरचा महिना नको होता, खरा हवा होता. तो फक्त तुला ठाऊक असणार, आणि तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. तू असतीस तरी सांगितला असतास का, याची मला खात्री नाही. धाकट्याचा विचारला असता तर मात्र तिथी, वार, वेळ, बाहेर थंडी किती होती, सुईण कोण होती, सगळं घडाघडा सांगितलं असतंस. बघ, सुरुवातच अशी झाली. लिहायला बसले आणि पहिल्याच दमात त्याच्यावर जळायला लागले. तो जाऊनही सदतीस वर्षं झाली, तरी माझं पोटात दुखणं काही थांबत नाही.

आधी डॉक्टरचं सांगते, म्हणजे तुला नीट कळेल. मी आता पिंपरीच्या एका इस्पितळात रेकॉर्ड सेक्शनला आहे. सांगवीहून स्कूटरवर येते, दिवसभर केसपेपर शोधते, लावते, खिडकीवर नव्या पेशंटची नोंद घेते. हा डॉक्टर ओडिशाकडचा, लहान मुलांच्या विभागात शिकायला आलेला, चेहऱ्याने अजून पोरगेलासा. त्याला प्रबंधासाठी विषय हवा होता. लहान मुलांच्या मेंदूत गाठ होते, तिचा आणि मूल कुठल्या ऋतूत जन्मलं याचा काही संबंध असतो का, हे त्याला बघायचं होतं. मला आधी वाटलं, चेष्टा करतो आहे. जन्माच्या महिन्याला दोष द्यायचं तुझ्या तोंडचं वाक्य एवढ्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून येत होतं! तो म्हणाला, जगात काही ठिकाणी लोकांनी हे तपासून बघितलं आहे. कुठे थंडीत जन्मलेल्या मुलांमध्ये थोडं जास्त दिसतं, कुठे काहीच फरक दिसत नाही, आणि दिसला तरी तो कशामुळे हे कोणाला पक्कं सांगता येत नाही. दिवस गेलेले असताना आईला साथीचा ताप येऊन गेला असेल, त्या ऋतूत खाण्यापिण्यात काही कमी पडलं असेल, असे नुसते अंदाज. "लेकिन माँ की गलती नहीं होती, मॅडम," असंही तो घाईघाईने म्हणाला, जणू मीच कोणाची तरी आई म्हणून त्याच्यासमोर बसले होते. मी मान डोलावली आणि फायली काढायला उठले.

फायली अगदी जुन्या होत्या, सुतळीने गठ्ठे बांधलेल्या. तेव्हा मदतीच्या अर्जाला शाळेचा दाखला जोडायचे, त्यामुळे त्यांत जन्मतारीख सापडायची. दोन दिवस तो आमच्या खोलीत बसून तारखा उतरवून घेत होता. तिसऱ्या दिवशी जवळजवळ पळतच आला. "मॅडम, देखिए! ठंड का नहीं, जून का मामला है! सब बच्चे जून के!" मी यादी बघितली. जून तर होताच, पण सगळीकडे एक जून. एकाखाली एक, एक जून. मला असं हसू फुटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आमच्या सेक्शनचे शिपाईमामा चहा घेऊन आले होते. त्यांनी यादीत डोकावलं आणि म्हणाले, "सर, माझा पण एक जून. मिसेसचा पण एक जून. आमच्या वस्तीत सगळ्यांनी वाढदिवसाला केक कापायचा म्हटलं ना, तर बेकरीवाला पळून जाईल." डॉक्टर आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग मी त्याला समजावलं, की डॉक्टर, हा महिना देवाने दिलेला नाही, गुरुजींनी दिलेला आहे. आईबापांना तारीख सांगता आली नाही, किंवा पोराचं वय भरेना, की गुरुजी डोळे मिटून एक जून लिहायचे. शाळा जूनला उघडते, हिशेब सोपा. तुमची ही सगळी पोरं शाळेच्या टेबलावर जन्मलेली आहेत. बिचाऱ्याचा चेहरा असा पडला की मीच त्याला माझ्यातला चहा दिला.

आपल्या मोशीच्या शाळेत तू माझं नाव घालायला आलीस तो दिवस मला आठवतो. धाकटा तुझ्या कडेवर आहे, मी तुझ्या पदराला धरून. गुरुजी रजिस्टर उघडून विचारतात, "बाई, पोरीचा जन्म कधीचा?" तू म्हणतेस, "उन्हाळ्यातली हाय. कांदा काढनी चालली व्हती." "किती वर्षांची झाली?" तू माझ्याकडे एकदा बघतेस, बाजारात शेळीकडे बघावं तसं, आणि म्हणतेस, "सहाची आसंल की." गुरुजी लिहितात एक जून. झालं माझं. तेवढ्यात धाकट्याने कडेवर कुरकुर केली आणि तू बाहेर गेलीस. तीन वर्षांनी त्याचं नाव घालायला आलीस तेव्हा मी तिथेच होते, गुरुजींना पाण्याचा तांब्या आणून दिला होता. या वेळी तुला विचारायचीही गरज पडली नाही. "पौष म्हैना गुरुजी, पुनवंच्या आदल्या दिशी, पहाटं पहिलं कोंबडं आरवायच्या टायमाला." गुरुजी म्हणाले, "बाई, पौष धरला तर वय भरत नाही. वर्षभर घरी ठेवा." तू म्हणालीस, "आक्का हाय न्हवं, तिच्या संगं जाईल की." मग गुरुजींनी पेन उचललं, "तर एक जून लिहितो." आणि तू चक्क भांडायला उठलीस. "आवो, माझं लेकरू पौषातलं हाय! त्याला जूनचं का म्हनायचं?" तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गुरुजींनी तरीही लिहिलं. आई, त्या दिवशी माझ्या काळजात काय गार वाटलं ते तुला सांगता यायचं नाही. बाकी सगळीकडे तो वर आणि मी खाली, पण निदान त्या रजिस्टरात गुरुजींनी आम्हाला एका ओळीत आणून बसवलं होतं.

पौषात कोणी लग्न करत नाही, नवं काही सुरू करत नाही, भाकड महिना म्हणतात. तुझ्यासाठी मात्र तोच वर्षातला मोठा सण. "पौषातलं लेकरू जपावं लागतं," हे तुझं पालुपद. नवसाने मागून घेतलेला, त्यातून थंडीत झालेला, म्हणून त्याच्या बाळंतपणात शेगडी दिवसरात्र पेटती ठेवली होती, आजीने डिंकाचे लाडू वळले होते, मुलगा झाला म्हणून दादांनी कंपनीतून रजा काढली होती. हे सगळं मी तुझ्याच तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की त्या शेगडीचा वास माझ्या नाकात बसला आहे. माझ्या वेळी काय होतं असं विचारलं की तू म्हणायचीस, "उन्हाळ्यात शेगडी कशाला लागती?" संक्रांतीला त्याचं बोरन्हाण असायचं. चिंचवडच्या मावशीने तुला ते शिकवलं होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. माझं कधी झालं नाही, माझ्या वर्षी म्हणे भावकीत सुतक होतं. सलग पाच वर्षं कोण सुतकात असतं, आई? त्याच्या डोक्यावरून घरंगळलेली बोरं मी वाडीतल्या बाकीच्या पोरांबरोबर गोळा करायचे. एकदा मी मूठभर बोरं घेऊन मागच्या गोठ्यात गेले आणि स्वतःच्याच डोक्यावर ओतली. तू शेण काढायला आलीस, बघितलंस, आणि म्हणालीस, "ती बोरं धुतली न्हाईत, खाऊ नगं." एवढंच. त्यापेक्षा दोन धपाटे घातले असतेस तर मला बरं वाटलं असतं.

आता पुढचं, जे मी तुला सांगितलं नाही. ज्यासाठी मी हे लिहिते आहे ते हेच आहे, बाकीची सगळी रड आहे. तो तिसरीत होता तेव्हा श्रावणापासून रोज नाही, पण दोन-तीन दिवसांआड, शाळेच्या वाटेवर ओढ्याच्या पुलाशी थांबायचा आणि ओकायचा. सकाळी उठल्यापासून डोकं दुखतंय म्हणायचा. ओकला की दहा मिनिटांत मोकळा, मग पळत सुटायचा. मी माझ्या फ्रॉकच्या घेराने त्याचं तोंड पुसायचे. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "आक्का, आईला सांगू नगं. ती मला घरीच बशिवती." त्याला शाळा आवडायची. आणि मी नाही सांगितलं. मी त्याच्यासाठी गप्प राहिले असं तुला वाटायला नको. सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला तोंडपाठ होतं. तू मीठ-मोहऱ्या ओवाळल्या असत्यास, मऊ भातावर तुपाची धार धरली असतीस, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली असतीस, आणि मी एकटी शाळेत जाऊन, परत येऊन, म्हशींना पाणी दाखवलं असतं. हे एक कारण. दुसरं त्याहून वाईट आहे. त्याची प्रत्येक गोष्ट तुला ठाऊक असायची, त्याला शिंक कुठल्या बाजूने आली तेसुद्धा. ही एकच गोष्ट अशी होती जी तुला ठाऊक नव्हती आणि मला होती. ती मला माझ्याजवळ ठेवायची होती. श्रावण गेला, गणपती गेले, दसरा गेला, दिवाळीपर्यंत मी ती ठेवली.

दिवाळीनंतर तो चालताना एका बाजूला झुकायला लागला आणि डावा डोळा तिरळा दिसायला लागला. ते तू एका सकाळीच ओळखलंस. दादांनी रजा टाकली आणि आपण सगळे पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "उलट्या होतात का? कधीपासून?" तू म्हणालीस, "काल एक झाली आन आज एक. त्याच्या आधी न्हाई वो सायेब, माझं ध्यान आसतंय." डॉक्टरांनी दादांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू बघितलंस का कधी?" मी डब्याची पिशवी दोन्ही हातांनी धरून उभी होते. मी मान हलवली, नाही. त्यांनी लिहून घेतलं. नंतर फोटो काढले, गाठ सापडली, ऑपरेशन झालं. डोक्याचा गोटा केलेला, पट्टी बांधलेला तो घरी आला तेव्हा त्याचा पौष सुरू होता, आणि चैत्रात तो गेला. आपल्या अंगणात बायका बसल्या होत्या, त्यांतली कोणीतरी म्हणाली, "पौषातलं न्हाई टिकत." त्या बाईला मी आजही शोधते आहे. कारण तू ते उचललंस आणि अंगाला लावून घेतलंस. "मीच मागितला, मीच पौषात आनला," असं तू भिंतीला सांगत बसायचीस. एका वाक्यात मी ते तुझ्या डोक्यावरून उतरवू शकले असते. आई, महिन्याचं काही नाही, तो श्रावणापासून ओकत होता आणि मला ठाऊक होतं. एवढं म्हणायचं होतं. तू मला मारलं असतंस, कदाचित पुन्हा कधी जवळ घेतलं नसतंस. अकरा वर्षांच्या पोरीला तेवढंच दिसलं.

आणि खरं सांगायचं तर मी माझी पाळी यायची वाट बघत होते. मला वाटलं, आता घरात एकच लेकरू आहे, आता तरी. पण मेलेल्या भावाशी कोण बरोबरी करणार? जिवंत होता तेव्हा निदान तो चुका तरी करायचा, पाटी फोडायचा, खोटं बोलायचा. गेल्यावर त्याने एकही चूक केली नाही. मी शाळेत पहिली आले तर तू म्हणायचीस, त्यो बी हुशार व्हता. माझं लग्न ठरलं तर पंगतीत तुझे डोळे भरून आले, आणि जावयाच्या जागी तुला कोण दिसत होतं ते मला कळत होतं. मला दिवस गेले तेव्हा तू सांगवीला आलीस, चपलाही न काढता दारातच बोटांच्या पेरांवर महिने मोजलेस. माझं पाणी-पाणी झालं, म्हटलं आली, माझ्यासाठी आली. तू मोजून संपवलंस आणि भिंतीला टेकलीस. "फाल्गुनात व्हईल. पौषात न्हाई. सुटलीस बग." मी तुला चहा ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसले. माझ्या पोटातल्या पोरीचे महिनेसुद्धा तू त्याच्या मापाने मोजलेस.

म्हणून त्या डॉक्टरने थंडीचं नाव काढलं तेव्हा मला काय झालं ते तुला समजेल. पहिल्यांदा तर अंगाचा तिळपापड झाला. बघा, म्हटलं, आता जगभरचे शिकलेले लोकही त्याच्याच महिन्याची चौकशी करायला लागले. उन्हाळ्यातल्या पोरींना कोण विचारतो! पण दुसऱ्या क्षणी मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. महिना दोषी ठरला तर मी सुटते, हे माझ्या डोक्यात लख्ख आलं. गाठ पौषानेच दिली असेल तर माझ्या गप्प बसण्याने काय बिघडलं? आणि लगेच लक्षात आलं, की मग ते तुझ्याकडे जातं. तूच बरोबर होतीस असं होतं. एक तर तू, नाही तर मी. मी त्या पोराला इतक्या मनापासून गठ्ठे काढून दिले की मामा म्हणाले, "मॅडम, प्रबंध तुमचा हाय का त्यांचा?" शेवटी एका दुपारी मी डॉक्टरला धाकट्याचं सांगितलं, आणि जमेल तितक्या सरळ आवाजात विचारलं, की उलट्या तीन-चार महिने आधी कळल्या असत्या तर तो वाचला असता का? त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, गाठ कुठली होती ते बघितल्याशिवाय सांगता येत नाही. काहींमध्ये फरक पडतो, काहींमध्ये नाही. आजही कित्येक घरांत महिने निघून जातात, लोकांना पित्त वाटतं. कागद आहेत का तुमच्याकडे? कागद कुठले, आई! तू सगळे इंद्रायणीत सोडलेस. त्याने मला दोषी म्हटलं नाही आणि सोडलंही नाही, डॉक्टर लोक असेच असतात.

त्याच आठवड्यात खिडकीवर चाकणहून एक बाई आली. मूळची मराठवाड्याकडची, नवरा तिकडच्या कंपनीत कंत्राटावर. पाच वर्षांचा पोरगा खांद्यावर झोपलेला, डोक्याला टोपी, आणि बाजूला आठ-नऊ वर्षांची मुलगी, तिच्या हातात सगळ्या रिपोर्टांची पिशवी. मी पोराची जन्मतारीख विचारली. तिने वेळेसकट सांगितली, अपेक्षेप्रमाणे. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी विचारलं, "आणि हिची?" फॉर्मात ती लागत नव्हती. बाई थांबलीसुद्धा नाही. "हिची व्हय? नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसातला. लई पाऊस लागला होता मॅडम, रिक्षा भेटंना. ही तर रस्त्यातच जन्मती का काय, आसं झालं होतं." आणि एवढ्या धावपळीत, पोरगं खांद्यावर असताना, तिने मोकळ्या हाताने त्या मुलीची वेणी मागे टाकली. मुलगी हसली. तिला ही गोष्ट पाठ होती. आई, त्या पोरीचा भाऊ आजारी होता, तिच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं ते मला त्या कागदांवरून दिसत होतं, आणि मला तिचा हेवा वाटला. इतका की मी खिडकीची काच अर्धी लावून घेतली आणि पुढचा नंबर मामांना घ्यायला सांगितला.

एक जूनच्या घोळानंतर डॉक्टरने ठरवलं होतं, की जुने कागद नकोत, घरच्यांनाच विचारायचं. त्याने एक फॉर्म तयार केला, मराठीत मीच करून दिला. त्यात दोन रकाने. आजारी मुलाचा खरा जन्ममहिना, आणि त्याच्याशेजारी निरोगी भावंडाचा खरा जन्ममहिना. तो म्हणाला, एकच आई, एकच घर, एकच पाणी, मग महिन्याने काही फरक पडतो का ते दिसेल. "पहला फॉर्म आप ही भर के देखिए मॅडम, सवाल समझ में आते हैं क्या. इसको गिनेंगे नहीं." पहिल्या रकान्यात मी पौष लिहिलं, तारीखसुद्धा लिहिली असती. दुसऱ्यावर अडले. निरोगी भावंड. इतक्या वर्षांत मला कोणी इतकं नेमकं नाव दिलं नव्हतं. तेव्हाच त्याने विचारलं, मॅडम, तुमचा महिना कुठला? तू गुरुजींना कांदाकाढणी सांगितलीस. पुढे एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणालीस, आंबं उतरवत व्हते. कांदा चैत्रातला, आंबे वैशाख-ज्येष्ठातले. मी एकदाच जन्मले असेन ना? त्याला म्हटलं, घरी आठवून उद्या देते. दुसऱ्या दिवशी तो आला तो वेगळाच, सरांनी विषय बदलायला सांगितला होता. मूठभर केसांत ऋतूचं काही दिसायचं नाही म्हणाले. तो आता मुलांच्या दम्यावर काम करतो आहे, खूष आहे. फॉर्मांचा गठ्ठा माझ्याकडे उरला, पाठकोरे कागद. त्यांच्याच मागे मी हे तुला लिहिते आहे. पाठवायचं तर कुठे, आणि तुला वाचता तरी कुठे येत होतं.

पण तो पहिला फॉर्म मी त्या संध्याकाळी घरी भरला होता. निरोगी भावंडाच्या रकान्यातही मी पौषच लिहिला. लिहिताना स्वतःला सांगत होते, की बघ, दोघंही पौषातली, एकाच आईची, एक गेला आणि एक ठणठणीत राहिली, म्हणजे महिन्याचा काही दोष नाही, आई सुटली. ऐकायला छान वाटतं. पण ते तुझ्यासाठी नव्हतं. तुझ्या शेवटच्या आजारात, तुझं मागचं-पुढचं एक झालं होतं तेव्हा, एका दुपारी मी तुझ्या उशाशी बसले होते. तू डोळे मिटूनच माझा हात चाचपडत धरलास आणि म्हणालीस, "तुज्या येळंला लई थंडी व्हती रं. शेगडी इझू दिली न्हाई म्या. लई जपलं तुला." त्या 'रं'नंतर कळायचं काही राहिलं नव्हतं. मी म्हणायला हवं होतं, आई, मी आहे, आक्का, उन्हाळ्यातली. तेव्हा तुझ्यापाशी थोडेच दिवस होते, श्रावणातलं सगळं सांगून टाकायलाही तीच वेळ होती.

मी "व्हय, आई" म्हणाले, आणि तू दमून झोपी जाईपर्यंत हात तसाच तुझ्या हातात ठेवला.